जुनं ते सोनं, पण ते जुनंच आहे ना?

हल्ली कुणाच्याही नव्या फ्लॅटमध्ये वास्तुशांतीला जा, हॉलमधल्या शोकेसवर किंवा टीव्हीच्या बाजूला एक पिवळाधमक फोन बसलेला असतो. खाली लाकडी चौकोनी पेटी, वर नक्षीचा पितळी दांडा, त्यावर आडवा ठेवलेला रिसिव्हर आणि समोर गोल डायल. ‘अँटिक आहे बरं का!’ घरची मंडळी कौतुकाने सांगतात. कुणी तो मुंबईच्या चोरबाजारातून आणलेला असतो, कुणी एखाद्या प्रदर्शनातून, तर कुणी मोबाइलवर बोट फिरवून घरपोच मागवलेला. दिसतो छानच, त्याबद्दल वाद नाही. पण मैत्रिणींनो, आपण पैसे ‘शोभेच्या वस्तू’चे मोजले की ‘अँटिक’चे, एवढं तरी आपल्याला कळायला नको का?

बरं, हा झाला एक भाग. दुसरा भाग माझ्या मते जास्त महत्त्वाचा आहे. तो पिवळा फोन कौतुकाने घरात येतो, त्याच वेळी माळ्यावरचा खराखुरा जुना काळा फोन भंगारवाल्याच्या तराजूत जातो.

ठाणे पूर्वेला, कोपरीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं. कोपरी म्हणजे फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची वसाहत आणि त्यांच्या शेजारात वाढलेली मराठी घरं. आता तिथल्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला निघाल्या आहेत. घर रिकामं करायचं म्हटलं की माळा रिकामा करावाच लागतो आणि माळ्यावरच्या वस्तूंचा न्यायनिवाडा करणारी न्यायाधीश घरातली बाईच! ओळखीच्या एका घरी अशीच आवराआवर चालली होती. प्रदर्शनातून घेतलेला पितळी फोन सुनेने मऊ चादरीत गुंडाळून ‘नाजूक’ लिहिलेल्या खोक्यात ठेवला होता. आणि सासऱ्यांच्या वेळचा काळा फोन जुन्या मिक्सरच्या भांड्याशेजारी, भंगाराच्या ढिगात. भंगारवाला किलोवर घ्यायला तयार होता. सासूबाई खुर्चीत बसून नुसत्या बघत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, ‘अगं, त्याच्यासाठी ह्यांनी सहा वर्षं नंबर लावला होता.’

सून काही वाईट नाही हो. ती म्हणाली, ‘आई, हा काळा तर सगळ्यांकडे होता. अँटिक म्हणजे हा पितळेचा.’ आपल्यापैकी दहाजणींतल्या आठजणी हेच म्हणतील. म्हणून मी दोन्ही फोन बाहेर काढायला लावले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवायला सांगितले, उलटे करून.

हो, उलटे! फोनची परीक्षा तोंड बघून करायची नसते. साडी घेताना आपण पदराची उलटी बाजू बघतो ना, तसंच. नकली फोनवाला सगळी मेहनत वरच्या बाजूवर करतो, तळाकडे कुणी बघणार नाही हे त्याला ठाऊक असतं. पितळी फोनच्या तळाला गुळगुळीत नवं प्लायवूड होतं, त्यावर चार चकचकीत फुलीच्या खाचेचे स्क्रू, आणि मागे ती पारदर्शक प्लॅस्टिकची चिमुकली क्लिप घुसवायचं चौकोनी भोक. काळ्या फोनच्या तळाला लोखंडी पत्रा, कडेला थोडा गंज, एका सरळ खाचेचे स्क्रू, खाचांमध्ये कित्येक वर्षांची मळी, झिजलेले रबरी पाय. क्लिप नाहीच. वायर थेट पोटात गेलेली. आधी भिंतीवरच्या छोट्या डबीत वायरची टोकं स्क्रूखाली आवळून फोन जोडत, क्लिपची पद्धत फार नंतरची. क्लिपचं भोक दिसलं तर तो फोन एक तर नवा आहे, नाही तर जुन्याला कुणीतरी नंतर नवी वायर लावली आहे. मग आणखी तपासायचं.

आता त्या पितळी फोनवर एक चकती होती, तिच्यावर १८९२ असं साल. हे वाचून मला हसूच आलं. कारण त्याच फोनला डायल होती!

इथे जरा इतिहास सांगते, कंटाळू नका. ग्रॅहम बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं १८७६ मध्ये. आपल्या मुंबईत एक्स्चेंज सुरू झालं १८८२ मध्ये, म्हणजे जगाच्या फार मागे आपण नव्हतो. पण त्या काळच्या फोनला डायल नव्हती. रिसिव्हर उचलायचा किंवा बाजूचा दांडा गरगर फिरवायचा, की पलीकडून ऑपरेटर बोलायची. तिला सांगायचं कोण हवंय ते, मग ती तारा जोडून देणार. सुरुवातीला अमेरिकेत हे काम पोरसवदा मुलं करायची, पण ती गिऱ्हाइकांशी उद्धटपणे बोलायची म्हणून १८७८ मध्ये बोस्टनला एमा नट नावाच्या बाईंना कामावर घेतलं. त्या जगातल्या पहिल्या स्त्री ऑपरेटर. नंतर हे काम बायकांचंच होऊन गेलं.

मग डायल आली कशी? त्याची गंमत अशी सांगतात, की अमेरिकेत स्ट्राउजर नावाचा एक अंत्यविधीचं सामान पुरवणारा होता. गावातल्या एक्स्चेंजमध्ये त्याच्या स्पर्धकाचीच बायको ऑपरेटर! ‘स्ट्राउजर यांच्याकडे जोडा’ म्हटलं की ती नवऱ्याकडे जोडून द्यायची. वैतागून त्याने ऑपरेटरशिवाय चालणारं यंत्रच काढलं, १८९१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. गोष्ट किती खरी ते तोच जाणे, पेटंट मात्र खरं. तरीही बोट घालून फिरवायची भोकांची डायल रूढ झाली ती विसाव्या शतकात. भारतातलं पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज सिमल्याला निघालं, तेही १९१३-१४ च्या सुमारास. तेव्हा १८८० किंवा १८९२ असं साल मिरवणाऱ्या फोनला जर भोकांची डायल असेल, तर त्या सालावर विश्वास ठेवू नका. खरोखर तेवढा जुना फोन डायलशिवायच असायला हवा.

त्या पितळी फोनच्या डायलमध्ये बोट घातलं तर ती फिरेचना. भोकांच्या आत बटणं होती! दाबायची बटणं, गोलाकार मांडलेली. बटणांचे फोन अमेरिकेत लोकांच्या घरात आले १९६३ मध्ये, आपल्याकडे त्याहून कितीतरी उशिरा. चांदणीचं किंवा चौकटीच्या जाळीचं चिन्ह असलेलं बटण दिसलं तर पुढे तपासायचीही गरज नाही.

खरी डायल कशी ओळखायची, ते सांगते. शून्याच्या भोकात बोट घाला, आडकाठीपर्यंत फिरवा आणि सोडा. ती धाडकन मागे येत नाही. आत वेग आवरणारी एक छोटी कळ असते, तिच्यामुळे ती एकाच लयीत, टर्रर्र करत परत येते. शून्याला म्हणजे दहा टिकटिकींना साधारण एक सेकंद लागतो. ज्यांनी लहानपणी फोन फिरवलाय त्यांना हा आवाज ऐकताक्षणी ओळखू येईल. काही नकली फोनची डायल फिरते, नाही असं नाही, पण ती लुळी असते किंवा फटकन मागे येते. अर्थात जुन्या फोनची डायलही तेलपाण्याअभावी अडकू शकते. अडकणं निराळं, लुळं असणं निराळं.

आता पितळेकडे वळू, कारण पितळ आपल्याला दुकानदारापेक्षा जास्त कळतं! सर्वात जुने फोन झगमगीत पितळेचे नसत. अक्रोडाची नाहीतर सागाची पेटी, काळं रोगण दिलेलं लोखंड, निकेलचा मुलामा दिलेले भाग, असं त्यांचं रूप. मेणबत्तीच्या घडवंचीसारखे जे उभे फोन जुन्या इंग्रजी सिनेमात दिसतात, त्यांच्या पितळेवरही बहुतेक वेळा काळा रंग असे. म्हणजे नखशिखान्त पिवळाधमक फोन ही आजच्या दिवाणखान्याची आवड, तेव्हाची नव्हे. फ्रिजवरचं एक लोहचुंबक पर्समध्ये टाकून दुकानात जा. खऱ्या पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर पिवळा मुलामा. पण चुंबक चिकटला नाही म्हणून फोन जुना ठरला असंही नाही हं! मुरादाबादसारख्या गावात आजही उत्तम पितळकाम होतं. नवं पितळ खरंच पितळ असतं, फक्त नवं असतं. कडांवरून बोट फिरवा. वर्षानुवर्षं हात लागलेली जागा गुळगुळीत होते आणि कोपऱ्यात, नक्षीच्या खाचेत काळपट हिरवं साचतं. नकलीत ते ‘जुनेपण’ रंगाने सगळीकडे सारखं फासलेलं असतं. देवघरातली आजीची समई आठवा, ती कुठे झिजलीय आणि कुठे काळवंडलीय, तेवढं पुरे.

काळा फोन कशाचा असतो, हे मी त्या सुनेला विचारलं. ‘प्लॅस्टिकचा,’ ती म्हणाली. मी तिला स्वयंपाकघरातून जुना कुकर आणायला सांगितला. कुकरचं काळं हँडल ज्याचं असतं, त्याच जातीचा हा फोन, बेकेलाइटचा! लिओ बेकेलँड या मूळच्या बेल्जियमच्या रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत १९०७ च्या सुमारास ते तयार केलं. एकदा साच्यात घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, म्हणून तर कुकरला चालतं. (आणि म्हणूनच १८९२ सालचा बेकेलाइटचा फोन असूच शकत नाही.) टिचकी मारली की त्याचा आवाज चिनी मातीच्या बशीसारखा टणक येतो, प्लॅस्टिकसारखा बद्द नाही. अंगठ्याने एकाच जागी जोरात घासा, गरम झालं की कार्बोलिक साबणासारखा किंचित उग्र वास येतो. काही जण गरम सुई टोचून बघा म्हणतात. अजिबात नको! खरा असला तर फुकट डाग पडेल.

आता काळे टेबल फोन म्हटले की सगळे एकसारखेच का दिसतात? तर १९३०-३२ च्या सुमारास स्वीडनच्या एरिक्सन कंपनीसाठी नॉर्वेच्या हायबर्ग नावाच्या चित्रकाराने बेकेलाइटच्या फोनचं रूप ठरवलं. खाली पसरट बूड, वर आडवा रिसिव्हर. पुढे जगभर थोड्याफार फरकाने तीच चाल पडली. आपल्याकडे १९४८ मध्ये बंगळूरला सरकारी कारखाना निघाला, इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, म्हणजे आयटीआय. आपल्या आईवडिलांच्या घरातले बहुतेक काळे फोन तिथले. नंतरच्या काळात फोन खरोखर प्लॅस्टिकचे झाले, रंगीतही झाले. त्यामुळे प्लॅस्टिक म्हणजे नकली असं समजू नका, प्लॅस्टिक म्हणजे अलीकडचा.

साल ओळखायला खुणा शोधाव्या लागतात आणि त्या शोधायला मजा येते. तळाच्या पत्र्यावर, रिसिव्हरच्या दांड्याच्या आतल्या बाजूला, डायलच्या मागे भिंग घेऊन बघा. आयटीआयची अक्षरं असतील तर फोन १९४८ नंतरचा. ‘पी अँड टी’ असं असेल तर १९८५ च्या आधीचा असण्याचा संभव मोठा, कारण त्या साली टपाल आणि दूरसंचार ही खाती वेगळी झाली. एमटीएनएलचं नाव असेल तर १९८६ नंतरचा. ब्रिटिश पोस्ट खात्याच्या फोनवर तर रिसिव्हरच्या दांड्यावर मॉडेलचा आकडा आणि त्यापुढे सालाचे दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ १६४ आणि पुढे ५६, म्हणजे १९५६. मात्र एका भागावर एक साल, दुसऱ्यावर दुसरं असं दिसलं तर घाबरू नका. खातं परत आलेले फोन दुरुस्त करून, भाग बदलून पुन्हा देत असे. फोन तेव्हा आपल्या मालकीचा नसायचाच, खात्याचा असायचा. खोट्या फोनवर उलट साल अगदी समोर, मोठ्या ठसठशीत अक्षरात. खऱ्याने कधी आपलं वय कपाळावर लिहिलंय का!

आवाजाची परीक्षाही करा. खरा फोन हातात धरून हळूच हलवला तर पोटातल्या दोन धातूच्या वाट्यांपैकी एखादी ‘टिंग’ करते. नकलीत घंटीच्या जागी इलेक्ट्रॉनिक चकती असते, आणि वर दिसणाऱ्या वाट्या नुसत्या शोभेच्या. रिसिव्हरचा बोलायच्या बाजूचा झाकणवजा भाग बहुतेक जुन्या फोनमध्ये फिरवून उघडतो. आतली डबी कानाशी धरून हलवली तर बारीक रव्यासारखा खुळखुळ आवाज येतो. तो कोळशाचा रवा, आपल्या आवाजाने तो दाबला जातो आणि बोलणं तारेतून जातं. नकलीत तिथे दाण्याएवढा माइक आणि स्पंजाचा तुकडा सापडेल. हे सगळं करताना फोन लाइनला जोडलेला नसावा. घंटी वाजताना लाइनवर ७५ व्होल्टच्या आसपास वीज येते, झटका बसतो.

वजनाला मात्र फसू नका. ‘बघा ताई, किती जड आहे!’ हे दुकानदाराचं ठरलेलं वाक्य. हलक्या फोनला जड करायला तळात लोखंडाची पट्टी बसवणं काही कठीण नाही. कोपरीच्या त्या पितळी फोनमध्ये तशी पट्टी निघालीच.

आणि काळ्या फोनमध्ये काय निघालं? डायलच्या पहिल्या-दुसऱ्या भोकाशी ओरखडे. सासूबाई लगेच म्हणाल्या, ‘ते कुलपाचे.’ आठवतं का, डायलच्या भोकात अडकवायचं ते चिमुकलं कुलूप? शेजारीपाजारी येऊन फोन करायचे, बिल वाढायचं, म्हणून कुलूप. त्यावरही पोरांची युक्ती होती, रिसिव्हरखालची खिट्टी टकटक दाबून नंबर लावायचा. लग्नपत्रिकेवर अख्ख्या चाळीचा एकच नंबर, पुढे ‘पीपी’ लिहिलेला. असे ओरखडे कुठल्याच कारखान्याला जमत नाहीत, कारण असली फोनचा वापर कसा होता हे नकली करणाऱ्याला माहीतच नसतं.

तरी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर उद्या सगळ्याजणी काळे फोन घेऊन बाजारात उभ्या राहाल. घरातला आयटीआयचा फोन कायद्याच्या भाषेत ‘पुरावस्तू’ नाही. १९७२ च्या कायद्यात अशा वस्तूंना शंभर वर्षांची अट आहे. हे फोन लाखांनी बनले, त्यामुळे लाखांनी विकले जाण्याची आशा नको. पण भंगाराच्या किलोच्या भावापेक्षा त्याची किंमत नक्कीच जास्त आहे, आणि चालू डायल, अखंड अंग, मूळची कापडी वेष्टणाची वायर असेल तर आणखी.

विकत घ्यायचाच असेल तर ठाण्याहून स्लो लोकलने सँडहर्स्ट रोडला उतरून चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर जा जरूर. तिथे खरेही फोन मिळतात, नवेही, आणि तिसरी एक जात मिळते, जुन्या डायलला नवी पेटी जोडलेली. सगळेच दुकानदार फसवतात असं नाही. सरळ विचारलं तर ‘नया माल है’ म्हणून सांगणारेही आहेत. विचारायला मात्र हवं. ‘उलटा करून दाखवा, तळ उघडून दाखवा’ म्हणा. कुरकुर झाली तर समजून जा. अस्सल जुना म्हणून घेत असाल तर बिलावर तसं लिहून मागा. दुकानदाराचं पेन अडखळलं की भाव आपोआप खाली येतो! ऑनलाइन घेताना ‘अँटिक फिनिश’, ‘विंटेज स्टाइल’ असे शब्द दिसले तर ते नव्यासाठीच असतात, आणि त्यात फसवणूक नाही, आपणच नीट वाचत नाही. शोभेसाठी नवा फोन घेण्यात काही कमीपणाही नाही. किंमत शोभेची द्या, म्हणजे झालं.

घरचा काळा फोन सापडला तर त्याला घासायला बसू नका. पितळेची पावडर, चिंच, तारेची घासणी, थिनर यातलं काही नको. ओलसर मऊ कापडाने पुसा, खाचांतली मळी जुन्या टूथब्रशने हलकेच काढा, आत पाणी जाऊ देऊ नका. लाइनला जोडून पाहायचा तर फायबरच्या डब्यावर बहुधा फोन येईल, घंटीही वाजेल, पण डायल फिरवून लागेलच असं नाही. डायलच्या मध्यभागी गोल कागदावर शाईने लिहिलेला नंबर असतो, तो कागद काढू नका, त्यावर चिकटपट्टीही लावू नका. आकडे किती आहेत ते मोजा. मुंबई-ठाण्याचे नंबर सातावरून पुढे २ लागून आठ आकडी झाले, त्याआधी ते सहा आकडीही होते, म्हणजे तो कागदही साल सांगतो. फोन कुणाच्या नावावर होता, कुठल्या साली आला, हे घरातल्या मोठ्यांना विचारून चिठ्ठीवर लिहा. बिलाची एखादी जुनी पावती सापडली तर तीही त्यासोबत ठेवा. लॅमिनेशन नको, साधं कागदी पाकीट पुरे.